नंदुरबारच्या झेडपी शाळा मागे का राहिल्या, थोडं मागे जाऊन

शिक्षणाचा कुठलाही सर्व्हे आला की नंदुरबारचं नाव खालून पहिलं-दुसरं येतं आणि सगळं बोलणं गुरुजींवर जाऊन थांबतं, म्हणून हे लिहितोय.

1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या, पण झेडपीची स्वतःची कमाई अशी कितीशी, गुरुजींच्या पगारापासून सगळं राज्याच्या अनुदानावर. नंदुरबार तेव्हा धुळ्यात होतं, वेगळा जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. 2011 च्या जनगणनेत इथली साक्षरता 64 टक्के आणि राज्याची 82, म्हणजे आज शाळेत बसलेल्या कितीतरी पोरांचे आईबाप शाळेत गेलेलेच नाहीत, घरी अभ्यास घेणार कोण?

सातपुड्यात अक्कलकुवा-धडगावकडे गाव एका जागी नसतं, पाडे असतात, एक या डोंगरावर तर दुसरा पलीकडे. आधी वस्तीशाळा आल्या, मग 1 एप्रिल 2010 पासून आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, लहान पोरांना 1 किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे असा नियम, आणि शाळा पाड्यापर्यंत पोचली, हे खरंच मोठं काम झालं. पण पैसा येतो पटावर. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषात 30 पर्यंत पट असेल तर शाळेला वर्षाला 10 हजार, 100 पर्यंत असेल तर 25 हजार. त्या 10 हजारात लाईटबिल, खडू, रजिस्टर, रंग, किरकोळ दुरुस्ती सगळं बसवायचं. पट 18 असो नाहीतर 80, पत्रा गळायचा तेवढाच गळतो.

त्यात दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, पोरं सोबत, कितीतरी जण थेट होळीलाच परत दिसतात. आणि भाषा! घरात पावरी नाहीतर भिली, पुस्तक मराठीत, पहिलीतलं पोर महिनोन्महिने गप्प बसतं कारण विचारलेलंच कळत नाही. नर्मदा बचाव आंदोलनाने नर्मदाकाठी काढलेल्या जीवनशाळांनी 1990 च्या दशकातच बोलीतून शिकवायला घेतलं होतं, सरकारी शाळेत ते फार उशिरा आणि तुकड्या-तुकड्यानं आलं.

2017 ला 10 पेक्षा कमी पटाच्या सुमारे 1300 शाळा बंद करायचं ठरलं, सप्टेंबर 2023 ला 20 पेक्षा कमी पटवाल्यांच्या समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एकच शाळा करायचे, प्रस्ताव मागवले, नमुना म्हणून पानशेतसोबत आपल्याच तोरणमाळचं नाव. तोरणमाळला राहायची सोय आहे. ती नसेल तिथे नाल्याला पाणी आल्यावर सहा वर्षांचं पोर डोंगर उतरून जाणार कसं, आणि मुलगी असली तर घरचे तिला पाठवतील का?