लिमोने सुल गार्दा

उत्तर इटलीत गार्दा सरोवराच्या पश्चिम काठावर, ब्रेशा प्रांतात हे जेमतेम हजार-अकराशे वस्तीचं गाव आहे. पाठीशी सरळसोट कडे, पुढ्यात पाणी, आणि १९३१ मध्ये कडे फोडून, बोगदे काढून काठाचा रस्ता झाला तोवर गावात यायचं तर बोटीनं नाहीतर डोंगरातल्या पायवाटेनं, दुसरी सोय नाही. नाव ऐकून लिंबावरून पडलंय असंच वाटतं, पण ते लॅटिन 'लिमेस' म्हणजे सीमा या शब्दावरून आलं असावं असं मानतात, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाची हद्द खरंच गावाच्या जरा उत्तरेला सुरू व्हायची.

लिंबाचा इतिहास मात्र नावाइतकाच घट्ट चिकटलाय. इथलं लिंबू आपल्या कागदी लिंबासारखं बारकं नाही, मोठं आणि लांबट. इतक्या उत्तरेला ते थंडीत टिकणार कसं, म्हणून व्हेनिसच्या राजवटीत लोकांनी उतारावर टप्पे बांधले, तीन बाजूंनी भिंती घातल्या, मध्ये उंच दगडी खांबांच्या रांगा, आणि थंडी आली की खांबांवर तुळया टाकून वर फळ्या नि पुढून काचेची तावदानं लावायची, वसंतात सगळं परत उतरवायचं, फारच कडक रात्र असली तर आत शेकोट्या पेटवायच्या. दरवर्षी! याला लिमोनाया म्हणतात. १३ सप्टेंबर १७८६ ला जर्मन कवी ग्योटे बोटीतून इथून गेला तेव्हा त्यानं हे पांढरे खांब बघून लिहून ठेवलं. पुढे एकोणिसाव्या शतकात झाडांवर डिंक्या रोग पडला, इटली एक झाल्यावर सिसिलीचं स्वस्त लिंबू रेल्वेनं येऊ लागलं आणि हा धंदा बसला. खांब अजून उभे आहेत, कास्तेल नावाची लिमोनाया ग्रामपालिकेनं दुरुस्त करून लोकांना खुली केलीय.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते या एकटेपणानं गावाच्या रक्तात काय ठेवलं ते. १९७० च्या दशकात मिलानमध्ये डॉक्टर चेझारे सिर्तोरी यांच्या तपासणीत इथला एक रेल्वे कामगार आला, चांगलं कोलेस्टेरॉल अगदी कमी, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी जास्त, तरी रक्तवाहिन्या साफ. त्याच्या रक्तातलं एक प्रोटीन बदललेलं निघालं. मग अख्ख्या गावाचं रक्त तपासलं, तीसहून जास्त लोकांत तेच बदललेलं प्रोटीन सापडलं. त्याला 'एपीओ ए-१ मिलानो' नाव मिळालं, मिलानो, लिमोने नाही. चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतून वंशावळी जुळवत गेले तर सगळे धागे अठराव्या शतकातल्या एकाच जोडप्यापाशी येऊन थांबले.