चालकाची सीट: तिच्या खटक्यांमागचा इतिहास

आजच्या साध्याशा मोटारीतही चालकाच्या सीटला दोन-तीन खटके असतात. एकाने सीट पुढेमागे सरकते, एकाने पाठ झुकते, काही गाड्यांत एकाने बैठक वरखाली होते, आणि हेडरेस्टच्या मुळाशी असलेले बटण दाबून ते उंच करता येते. ही सगळी सोय एका वेळी किंवा एका विचारातून आलेली नाही. सीट सरकू लागली ती वेगवेगळ्या उंचीची माणसे एकच गाडी चालवू लागली म्हणून. पाठ झुकू लागली ती लांबच्या प्रवासात आराम मिळावा आणि गाडी खपावी म्हणून. कमरेचा आधार आला तो डॉक्टरांच्या संशोधनातून. आणि हेडरेस्ट आले ते मागून धडक बसल्यावर मानेला होणाऱ्या इजेमुळे. या मागण्या एकमेकींशी नेहमी जुळत नाहीत, आणि सीट नीट लावणे अनेकांना अवघड का वाटते याचे मूळही तिथेच आहे.

मोटारीची सुरुवातीची शरीरे घोडागाडी बांधणाऱ्या कारागिरांच्या हातची होती आणि तिच्यातले आसनही तेच होते: लाकडी चौकट, वर स्प्रिंगा, घोड्याच्या केसांचे भरण आणि चामड्याचे आवरण. घोडागाडीत ते चालून जाई, कारण लगाम हवा तेवढा लांब-आखूड धरता येतो. मोटारीत मात्र हातांना स्टिअरिंग आणि पायांना पेडल आले, दोन्ही आपापल्या जागी पक्के बसवलेले, आणि त्यांच्यामधल्या ठरावीक अंतरात प्रत्येक शरीराला बसवण्याचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत हा प्रश्न सोडवलेलाच नव्हता. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या सुमारे दीड कोटी मॉडेल टी गाड्यांपैकी बहुतेकींत पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखालीच असे, त्यामुळे तिथे रूळ बसवून बाक सरकवण्याला फारसा वाव नव्हता. तीन पेडलांपर्यंत पाय न पोचणाऱ्या चालकाला पाठीमागे उशी घेण्यावाचून इलाज नव्हता.

१९३० च्या दशकात रुळांवर सरकणारा पुढचा बाक अमेरिकेत सर्वसाधारण झाला. पण तो अखंड बाक होता. ठेंगण्या चालकाने तो पुढे ओढला की शेजारच्या उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकत. एका शरीराची सोय दुसऱ्याची गैरसोय होण्याचा हा प्रकार वेगळ्या सुट्या सीट रूढ होईपर्यंत टिकला. १९५० सालच्या मोटारींसाठी नॅश या अमेरिकी कंपनीने विमानातल्यासारखी मागे झुकणारी सीट बाजारात आणली, आणि कारखान्यातूनच सीटबेल्ट देणारी पहिली अमेरिकी कंपनीही तीच ठरली. झुकणारी पाठ लोकांना आवडली, पट्टे मात्र आवडले नाहीत. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहॅम गाडीत तर विजेवर चालणारी आणि चालकाची पसंतीची जागा लक्षात ठेवणारी सीट होती. हा सारा काळ सीटकडे ऐषआरामाची वस्तू म्हणून पाहण्याचा होता.

जर्मनीत वाट थोडी वेगळी होती. श्टुटगार्टच्या रॉयटर या कारखान्यात पोर्शेच्या गाड्यांची शरीरे बांधली जात. १९६३ मध्ये शरीरे बांधण्याचा व्यवसाय पोर्शेने घेतला, मूळ कंपनी रेकारो या नावाने फक्त सीट बनवू लागली, आणि १९६५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात तिने आपली स्पोर्ट सीट मांडली. वळणावर शरीर घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी कडा उचललेली ही बैठक होती. चालकाला जागेवर धरून ठेवणे हे सीटचे काम आहे, हा विचार यातून सर्वसामान्य गाड्यांतही उतरला.

दरम्यान, सीट कुणाच्या मापाने बनवायची या प्रश्नाला शास्त्रीय वळण लागले होते. हार्वर्ड विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ अर्नेस्ट हूटन यांनी रेल्वेच्या आसनांसाठी बोस्टन आणि शिकागोच्या स्थानकांवर सुमारे चार हजार प्रवाशांची मापे घेतली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. आसन आधी बनवून माणसाला त्यात बसवण्याऐवजी माणसांची मापे आधी घ्यायची, हा क्रम त्यांनी रुजवला. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संघटनेने सीट मापण्यासाठी एक प्रमाणित पुतळा ठरवून दिला. तो सीटवर ठेवला की धड आणि मांडी जिथे जुळतात तो खुब्याचा बिंदू नेमका सापडतो. आजही मोटारीच्या आतल्या बाजूची रचना याच बिंदूपासून सुरू होते: छत किती वर, पेडल किती पुढे, काचेतून रस्ता कुठून दिसणार, हेडरेस्ट किती उंच. हा पुतळा मध्यम बांध्याच्या अमेरिकी पुरुषाच्या वजनाचा होता. त्या एका निवडीचे परिणाम पुढे अनेक दशके दिसत राहिले.

सर्वांत महत्त्वाची भर डॉक्टरांनी घातली असे मला वाटते, आणि ती सामान्य चालकापर्यंत फार कमी पोचली आहे. अमेरिकेतील मेंदू-मज्जाशल्यविशारद जे. जे. कीगन यांनी १९५३ मध्ये वेगवेगळ्या स्थितींत माणसांच्या कण्याची क्ष-किरण चित्रे काढून दाखवले, की उभे असताना कमरेला आतल्या बाजूला जो नैसर्गिक बाक असतो तो बसल्यावर सपाट होतो. मांडी पुढे आली की मांडीच्या मागचे स्नायू ओटीपोटाच्या हाडाला मागे फिरवतात, आणि त्याच्याबरोबर कमरेचे मणके मागे ओढले जाऊन त्यांच्यामधल्या चकत्या पुढच्या बाजूने दाबल्या जातात. मोटारीत पाय लांब पसरलेले असल्याने हा ताण खुर्चीपेक्षा जास्त असतो, आणि त्यात रस्त्याचे हादरे मिसळतात. बसलेल्या माणसाचे धड दर सेकंदाला सुमारे पाच वेळा होणाऱ्या उभ्या कंपनाला सर्वाधिक प्रतिसाद देते, आणि खराब रस्त्यावरच्या हादऱ्यांत अशी कंपनेही असतात.

स्वीडनमध्ये या विषयाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा झाला. गोथेनबर्गचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिच्यावरचा दाब प्रत्यक्ष मोजला. त्याच शहरातल्या व्होल्वो कंपनीने त्या दशकाच्या मध्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने कमरेचा आधार कमीजास्त करता येणारी पुढची सीट आणली. १९७४ मध्ये नाखेमसन आणि त्यांचे सहकारी गुन्नार अँडरसन यांच्या गटाने मोटारीच्या सीटवर तेच मापन केले. पाठ सुमारे १२० अंशांत मागे झुकलेली आणि कमरेला पाच सेंटिमीटरचा आधार असताना चकतीवरचा दाब आणि पाठीच्या स्नायूंचे काम सर्वांत कमी भरले.

इथे कण्याचे आरोग्य आणि अपघातातली सुरक्षा यांच्यातला खरा पेच सुरू होतो. १२० अंशांत झुकून गाडी चालवली तर खांदे सीटच्या पाठीवरून सुटतात, हात ताणले जातात, आणि मान पुढे काढून रस्ता पाहावा लागतो. त्याहून गंभीर गोष्ट पट्ट्याची आहे. व्होल्वोचे अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणलेला तीन बिंदूंचा सीटबेल्ट शरीराला दोन भक्कम जागी धरतो: कमरेच्या हाडांवर आणि खांदा-छातीच्या पिंजऱ्यावर. पाठ फार झुकलेली असेल तर छातीवरचा पट्टा शरीरापासून दूर राहतो आणि धडकेच्या क्षणी शरीर खालून पुढे घसरते. कमरेचा पट्टा हाडावरून सरकून मऊ पोटावर येतो आणि आतड्यांना, यकृताला इजा करतो. पट्टा लावूनही जीव धोक्यात येण्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणूनच आज सर्वसाधारणपणे शंभर ते एकशे दहा अंशांची तडजोड सांगितली जाते आणि उरलेली भरपाई कमरेच्या आधाराने करायची असते. शेजारच्या सीटवर झोपण्यासाठी पाठ पूर्ण झुकवून, वर पट्टा लावून निर्धास्त होणारे प्रवासी आपल्याकडे पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरही रोज दिसतात. त्यांना हा धोका कुणी सांगितलेलाच नसतो.

सीट स्वतः तुटू नये, सुटू नये, हेही कायद्यात आले. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या मानकानुसार सीट आणि ती गाडीला जोडणारे भाग सीटच्या वजनाच्या वीसपट भार सहन करणारे असावे लागतात, आणि कोणत्याही जागी लावलेली सीट तिथेच अडकून राहावी लागते. रुळाचा खटका लागल्याचा आवाज आल्यावरही सीट पुढेमागे हलवून पाहावी आणि धावत्या गाडीत खटक्याला हात लावू नये, या सूचनांचे कारण हेच आहे. अर्धवट अडकलेली सीट ब्रेक दाबताना मागे सरकली तर पाय पेडलावरून सुटतो.

१ जानेवारी १९६९ पासून अमेरिकेत नव्या मोटारींच्या पुढच्या सीटना हेडरेस्ट सक्तीचे झाले. त्याची पुढची हकीकत या साऱ्या इतिहासात मला सर्वांत बोलकी वाटते. १९८२ मध्ये अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासनाने या नियमाचे मूल्यमापन केले तेव्हा असे आढळले, की मागून बसणाऱ्या धडकेत सीटमध्येच घडवलेल्या, न हलणाऱ्या हेडरेस्टमुळे इजेचा धोका १७ टक्क्यांनी कमी झाला होता, तर वरखाली करता येणाऱ्या हेडरेस्टमुळे फक्त १० टक्क्यांनी. वरखाली होणारे हेडरेस्ट खरे तर प्रत्येक उंचीला अधिक नेमके बसायला हवे. पण बहुतेक लोकांनी ते कधी वर केलेच नव्हते. दुकानातून आले तसे ते सर्वांत खाली राहिले आणि मानेच्या मागे आले, डोक्याच्या मागे नाही. माणसाच्या हाती दिलेली सोय त्याला शिकवली नाही तर न हलणाऱ्या वस्तूपेक्षाही कमी उपयोगाची ठरते, याचा इतका स्पष्ट आकड्यातला पुरावा दुसरीकडे क्वचित मिळेल. १९९७ मध्ये साब या मोटार कंपनीने आणि त्यानंतर वर्षभरात व्होल्वोने धडकेच्या वेळी आपोआप मानेला सावरणाऱ्या सीट आणल्या, त्यामागे मानेची ही इजा टाळण्याचाच प्रयत्न होता.

एअरबॅगने अंतराचा प्रश्न पुन्हा पुढे आणला. ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते आणि फुगत असताना तिच्या जवळ असलेल्या शरीराला प्रचंड जोराने ढकलते. १९९० च्या दशकात अमेरिकेत हळू वेगाच्या अपघातांतही काही चालकांचे एअरबॅगच्या मारानेच मृत्यू झाले, आणि त्यांत स्टिअरिंगला अगदी लागून बसणाऱ्या ठेंगण्या स्त्रियांचा समावेश होता. त्यानंतर एअरबॅग सौम्य केल्या गेल्या, आणि छातीचे हाड व स्टिअरिंगचा मध्य यांत किमान दहा इंच, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर अंतर ठेवण्याची शिफारस आली. सव्वापाच फुटांच्या आतल्या व्यक्तीला क्लच पूर्ण दाबायचा आणि हे अंतरही राखायचे, तर केवळ सीट पुढेमागे करून भागत नाही. पाठ थोडी झुकवावी लागते, बैठक उंच करावी लागते, स्टिअरिंग खाली घ्यावे लागते.

भारतात ही सगळी टप्प्याटप्प्याची कहाणी उशिरा आणि एकदम आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीची अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप झाली, या दोन्हींत स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि पुढे सलग बाक असे. टॅक्सीवाल्यांच्या पाठीमागची उशी आणि सीटवरचे लाकडी मण्यांचे कव्हर हा कमरेच्या आधाराचा आणि घामाचा त्यांनी स्वतः शोधलेला उपाय होता. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला सुटी, सरकणारी, झुकणारी सीट मिळाली. पुढच्या सीटना पट्टे बसवणे १९९४ पासून आणि चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली.

मापांचा प्रश्न मात्र राहिला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीय शरीरांची मापे १९९७ मध्ये प्रसिद्ध केली, तोवर अभियंत्यांच्या हाती मुख्यतः परदेशी आकडे होते. आजही अनेक गाड्यांच्या स्वस्त प्रकारांत बैठक वरखाली करण्याची सोय दिलेली नसते आणि महागड्या प्रकारांत ती आवर्जून जाहिरातीत सांगितली जाते. गाडी चालवणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढत असताना ही सोय ऐषआरामाच्या यादीत ठेवणे मला पटत नाही. धडक चाचणीतही हाच कल आहे: १९७० च्या दशकात जनरल मोटर्सने घडवलेला आणि आजही सर्वाधिक वापरला जाणारा पुतळा सुमारे १७५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचा आहे, आणि स्त्रीचा म्हणून वापरला जाणारा पुतळा बराच काळ त्याचीच लहान आवृत्ती होता. १६२ सेंटिमीटर उंचीच्या, ६२ किलो वजनाच्या सरासरी स्त्रीच्या देहरचनेवर आधारलेला, मागून बसणाऱ्या धडकेसाठीचा पुतळा स्वीडनमधील संशोधकांनी २०२२ मध्ये जगापुढे ठेवला.

आज सांगितला जाणारा क्रम या सगळ्या इतिहासातून तयार झाला आहे. आधी माकडहाड बैठक आणि पाठ जुळतात त्या कोपऱ्यापर्यंत मागे नेऊन बसावे. मग रस्ता आणि डॅशबोर्ड दोन्ही नीट दिसतील इतकी बैठक उंच करावी. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इथवर सीट सरकवावी, आणि खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचेल इतकीच पाठ झुकवावी. त्यानंतर छातीसमोरचे अंतर पाहावे, हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या पातळीला आणावा, पट्टा कमरेच्या हाडावर खाली बसवावा, आणि आरसे सर्वांत शेवटी लावावेत, कारण सीट हलली की आरशातले दृश्य बदलते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत परवान्याच्या चाचणीसाठी उमेदवाराला जे करता आले पाहिजे त्याची यादी मात्र आरसा लावण्यापासून सुरू होते आणि त्याआधीच्या सीटचा तिच्यात उल्लेख नाही. त्या यादीत आरशाच्या आधी एक ओळ वाढवणे कठीण नाही, आणि ती वाढवली गेली पाहिजे.