ट्रामचा सांधा कोण बदलायचं? घोडा, पहार आणि करंट

दादर टीटीमधलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे मुंबईत बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ट्रामला स्टिअरिंग नसतं, मग भर चौकात सरळ जायचं की वळायचं हे ठरवायचं कोण, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. मला तर ट्रामच्या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते, कारण काळ बदलला तसं त्याचं उत्तर बदलत गेलं.

रेल्वेचा सांधा आपण पाहिलेला असतो. स्टेशनाबाहेर दोन निमुळत्या पट्ट्या रुळाला चिकटतात नाहीतर सुटतात, गाडी त्याप्रमाणे लाईन बदलते. ते काम बघणारा तो सांधेवाला, आताचा पॉइंट्समन. २०२१ मध्ये वांगणी स्टेशनवर ट्रेनसमोर धावत जाऊन लहान मुलाला वाचवणारे मयूर शेळके पॉइंट्समनच होते, तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला. ट्रामचा सांधाही तत्त्वाने तोच, फक्त तो रस्त्यात असतो आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. रस्त्यावरून टांगे, हातगाड्या, माणसं सगळंच जाणार, म्हणजे रूळ वर आलेला चालत नाही. जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन (आडनाव खरंच ट्रेन!) या अमेरिकन माणसाने १८६१ मध्ये लंडनमध्ये ट्राम टाकली, पण त्याचे रूळ रस्त्याच्या वर डोकावायचे, बाकीच्या गाड्यांची चाकं त्यावर आदळायची, लोक वैतागले आणि शेवटी ते उखडावे लागले. यावरचा उपाय खरं तर आधीच सापडला होता. अल्फोन्स लूबा या फ्रेंच माणसाने १८५० च्या दशकात न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये खाचेचा रूळ वापरला होता, म्हणजे रुळाच्या डोक्यातच एक खाच, चाकाची कड त्या खाचेत उतरून चालणार आणि रूळ रस्त्याच्या पातळीला सपाट.

आता खाचेचा रूळ आला म्हणजे सांधाही खाचेतच बसवायला हवा. म्हणून ट्रामच्या सांध्यात असते ती जीभ. पोलादाची निमुळती पट्टी, मागच्या टोकाला खिळवलेली, पुढचं टोक खाचेत इकडून तिकडे सरकणारं. टोक ज्या बाजूला त्याच्या उलट बाजूची वाट मोकळी, चाकाची कड तिकडे ओढली जाते. बऱ्याच ठिकाणी तर दोन रुळांपैकी एकालाच जीभ ठेवायचे, वळणाच्या आतल्या बाजूच्या रुळाला. दुसऱ्या बाजूला नुसता पसरट पोलादी तुकडा, कारण दोन्ही चाकं एकाच धुरेवर घट्ट बसवलेली, एक वळलं की दुसऱ्याला जावंच लागतं. कमी भाग, कमी खर्च, कमी साफसफाई. मला हे डोकं फार आवडतं.

मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्याची ट्राम सुरू झाली, एक मार्ग कुलाब्याहून आणि एक बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे, दोन्ही पायधुनीला. त्या जमान्यात जगभर बऱ्याच ठिकाणी सांध्याला जीभसुद्धा नसायची. गाडीवान घोड्यांना लगाम धरून ज्या बाजूला खेचेल त्या बाजूला पुढची चाकं घसरत जायची, म्हणजे एका अर्थाने ट्रामला स्टिअरिंग होतं आणि ते घोडाच होता. सिंगल लाईनवर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला जे लूप, म्हणजे बाजूने काढलेली जोडलाईन, असायचे तिथे स्प्रिंगची जीभ असायची, ती कायम एकाच बाजूला दाबलेली. येणारी गाडी आपोआप त्या बाजूला जायची आणि उलट दिशेने बाहेर पडणारी चाकाच्या कडेने जीभ ढकलून निघून जायची, मागून जीभ परत जागेवर.

मुंबईत ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली. घोडा गेला आणि गाडी कितीतरी जड झाली, मग नुसतं ओढून वळवणं शक्यच नव्हतं. जीभ हवीच, आणि ती हलवणारं कुणीतरीही हवं. साधा उपाय पहार. कलकत्त्यात २०१९ ला एस्प्लनेडला मी हे जवळून पाहिलं. ट्राम सांध्याच्या अलीकडे थांबली, एक जण हातात लोखंडी कांब घेऊन आला, जिभेच्या टोकाशी फटीत ती घातली, अंगाचा भार टाकला, खट्ट, आणि ड्रायव्हरकडे न बघताच बाजूला झाला. त्या फटीत वाळू, पानाची पिंक, कागद सगळं साचलेलं. ते वेळच्या वेळी काढलं नाही तर जीभ अर्धीच सरकते, आणि अर्धी सरकलेली जीभ म्हणजे पुढची चाकं एका लाईनला आणि मागची दुसऱ्या, असली गत.

दर चौकात माणूस उभा करणं महाग, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेचा सांधा आला आणि त्याची युक्ती ऐकून मी खरंच थक्क झालो. सांध्याच्या थोडं आधी वरच्या तारेवर एक वेगळा तुकडा बसवायचा. ड्रायव्हरने त्याखालून जाताना मोटरला करंट दिला, तर तोच करंट रस्त्याखालच्या पेटीतल्या कॉइलमधून फिरतो आणि कॉइल जीभ एका बाजूला ओढते. करंट बंद ठेवून गाडी नुसती घरंगळत नेली तर जीभ दुसऱ्या बाजूला. ना जास्तीचं बटण, ना माणूस, फक्त हँडल चालू की बंद.

पण नव्या गाड्या आल्या तशी ही युक्ती अडचणीची झाली, कारण दिवे, हीटर, एसी यांनाही सतत करंट लागतो आणि सांध्याला कळत नाही की ड्रायव्हरने मुद्दाम दिलाय की गाडीच ओढतेय. म्हणून मग गाडीतून सिग्नल पाठवायची पद्धत आली, गाडीवर ट्रान्समीटर आणि रस्त्यात पुरलेली वायरची वेटोळी.

कॅनडातल्या टोरंटोत ही सिग्नलची पद्धतही आली, आणि तिथे अजून बरेच सांधे जुन्या एकजिभी पद्धतीचे आहेत. यंत्रणा दगा देते म्हणून ड्रायव्हरला नियमच घालून दिला की अशा सांध्यासमोर थांबायचं, जीभ कुठे वळलीय ते डोळ्यांनी बघायचं आणि मगच पुढे जायचं. चुकीच्या बाजूला असेल तर कांब घेऊन खाली उतरायचं.