टिंबानंतर उघडणारी यादी: क्लँगच्या कोड कम्प्लीशनची पार्श्वभूमी

सोलापुरात अभियांत्रिकी शिकलेल्या आमच्या पिढीला सी भाषा पहिल्यांदा भेटली ती टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. स्ट्रक्चरच्या चलापुढे टिंब दिले, की त्यात हजेरी क्रमांक आहे की गुण, हे आठवायचे काम ज्याचे त्यालाच करावे लागे. आज आमच्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर टिंब उमटताच कोड कम्प्लीशनची, म्हणजे तिथे बसणाऱ्या घटकांची, यादी उघडते आणि ती एडिटरच तयार करतो, असे बहुतेकांना वाटते. क्लँग या कंपायलरच्या, म्हणजे सी आणि सी++चे प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवणाऱ्या साधनाच्या, बाबतीत मात्र ती त्याच्या फ्रंट-एंडकडून, म्हणजे प्रोग्राम वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या भागाकडून येते.

जीसीसी हा मुक्त कंपायलर 1987 साली आला. त्याचे अंतरंग सुटे केले, तर त्यावर मालकीहक्काची साधने उभी राहतील, ही त्याचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांची चिंता होती. ती तत्त्वनिष्ठ होती, पण तिची किंमत एडिटरांना मोजावी लागली. कंपायलरला मधेच काही विचारण्याची सोय नसल्यामुळे सीटॅग्जसारख्या साधनांनी फाइलींतून नावे गोळा करायची आणि एडिटरने त्यांवर भागवायचे, अशी रीत पडली. नाव सापडे, त्या ठिकाणी ते लागू पडते का, हे मात्र कळत नसे.

इलिनॉय विद्यापीठात 2000 साली ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी एलएलव्हीएम हा कंपायलर बांधण्याच्या सुट्या भागांचा प्रकल्प सुरू केला. लॅटनर 2005 मध्ये ॲपलमध्ये गेले आणि 2007 मध्ये एलएलव्हीएमचा फ्रंट-एंड असलेला क्लँग सर्वांसाठी खुला झाला. शब्द सुटे करणारा लेक्सर, वाक्यरचना ओळखणारा पार्सर आणि अर्थ तपासणारा भाग या त्यात स्वतंत्र लायब्ररी होत्या, आणि माझ्या मते पुढचे सारे या एका निर्णयातून निघाले. सी++ची गुंतागुंत पेलून क्लँग स्वतःलाच कंपाइल करू लागला, त्यासाठी 2010 साल उजाडावे लागले.

तत्पूर्वी, 2009 मध्ये, डग ग्रेगर यांनी त्यात कोड कम्प्लीशन आणले. त्याची युक्ती मला अतिशय सुंदर वाटते. कर्सर कोणत्या ओळीत आणि कितव्या अक्षरावर आहे, हे क्लँगला सांगितले जाते. नेहमीप्रमाणे फाइल वाचत लेक्सर तिथे पोहोचला, की तो एक खास टोकन, म्हणजे खुणेचा शब्द, पुढे करतो आणि ते हाती येताच पार्सर अर्थ तपासणाऱ्या भागाला विचारतो, की या जागी काय काय चालेल. टिंबाआधीच्या पदाचा टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, तोवर ठरलेला असल्यामुळे उत्तरात त्याच टाइपचे घटक येतात, आणि प्रत्येकाला प्राधान्यक्रमही मिळतो.

अडचण वेगाची होती, कारण सी++ची लहानशी फाइलही हेडरमधून, म्हणजे इन्क्लूडने जोडलेल्या फाइलींतून, हजारो ओळी ओढून आणते. त्यामुळे फाइलीच्या माथ्यावरचा इन्क्लूडचा भाग एकदाच वाचून साठवण्याची सोय झाली. लिबक्लँग या लायब्ररीमुळे इतर साधनांना ही क्षमता वापरता आली. 2011 च्या एक्सकोड 4 या ॲपलच्या प्रोग्रामिंग साधनात ती दिसली. मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केल्यावर एडिटर आणि भाषा यांच्यातील बोलणे ठरावीक साच्यात आले, आणि क्लँगवर उभा असलेला क्लँगडी हा सर्व्हर त्याच साच्यात बोलतो.

म्हणून यादी रिकामी आली, तर मी विद्यार्थ्यांना आधी एडिटर बदलू देत नाही. हेडर कोणत्या फोल्डरात आहेत, हे सांगणारी कंपाइल कमांडची नोंद क्लँगडीला मिळाली आहे का, ते पाहायला लावतो.