पूर्ण मॅन्युअल आणि ऑटो आयएसओवालं मॅन्युअल

‘मी मॅन्युअलवरच काढतो, तरी दयाळाचं पोट उडतंच.’ पक्ष्यांच्या फोटोंवर गप्पा सुरू झाल्या की हे ऐकू येतंच. ‘उडतं’ म्हणजे तपशील जाऊन नुसतं पांढरं होतं. त्यावर माझा प्रश्न एकच असतो: आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) कशावर ठेवलाय? बहुतेकदा उत्तर येतं, ‘ऑटोवर.’ मग एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, तुम्ही नाही, कॅमेराच ठरवतोय.

शटर आणि अ‍ॅपर्चर तुम्हाला पाठ असेल, त्यात वेळ घालवत नाही. दोन्ही पद्धतींत ते तुम्हीच लावता. बागेत शिंजीर, शिंपी, चष्मेवाला टिपायला १/१००० सेकंदापेक्षा हळू शटरवर मी सहसा जात नाही. फरक आहे तो फोटो किती उजळ यावा हे कोण ठरवतं यात. पूर्ण मॅन्युअलमध्ये तुम्ही. आयएसओ ऑटोवर असला की मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाशमापक. डायलवर ‘एम’ दिसतो म्हणून हे बदलत नाही.

आता खरी गोची. पक्ष्यावर किती प्रकाश पडतोय हे मीटरला कळत नाही. फ्रेममधून परत येणारा प्रकाश तेवढा त्याला दिसतो, आणि तो सगळ्याला मध्यम राखाडीकडे ओढतो. दयाळ उन्हातल्या फांदीवर बसलाय, मागे सावलीतली काळपट भिंत. मीटरला फ्रेम अंधारी वाटते, तो आयएसओ चढवतो आणि पांढरं पोट जळतं. तोच पक्षी हातभर सरकला, आता मागे मोकळं आकाश. आयएसओ उतरतो, पक्षी काळा ठिक्कर. पक्ष्यावरचं ऊन मात्र दोन्ही वेळा तेच होतं! बदलली ती फक्त मागची बाजू.

म्हणून फोटो काढण्याआधी स्वतःला विचारायचं ते एवढंच: बदलतंय काय, पक्ष्यावरचा प्रकाश की त्याच्या मागचं दृश्य?

मागचं दृश्य बदलत असेल तर पूर्ण मॅन्युअल, आयएसओसकट. स्वच्छ उन्हात एफ/५.६ आणि १/१६०० ला आयएसओ २०० च्या आसपास लागतो. त्याच उन्हातल्या हिरव्या पानांवर एक फोटो काढा, दयाळासारखा पांढरा रंग असेल तर आणखी थोडं अंडर, म्हणजे गडद, करा, आणि मग हात लावू नका. भिंत येवो की आकाश, पक्षी तसाच येईल.

पक्ष्यावरचा प्रकाशच बदलत असेल, म्हणजे शिंजीर उन्हातल्या जास्वंदीवरून आंब्याच्या सावलीत आणि परत असा फिरत असेल, तर ऑटो आयएसओ. मोकळ्या सावलीतसुद्धा साधारण तीन स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) कमी प्रकाश असतो. २०० चा आयएसओ १६०० वर जातो. एवढं चाक फिरवेपर्यंत शिंजीर थांबत नाही. मात्र अंगठा कॉम्पेन्सेशनच्या (मीटरने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करणाऱ्या) चाकावर हवा: काळपट पार्श्वभूमीला उणे, आकाशाला अधिक. काही जुन्या बॉडींवर ‘एम’ आणि ऑटो आयएसओ असताना कॉम्पेन्सेशन चालतच नाही. तिथे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं) बरी.

‘स्पॉट मीटरिंग लाव, सगळं सुटेल’ हा सल्ला तर मला अजिबात पटत नाही. स्पॉट म्हणजे मीटर फ्रेमचा एक छोटा ठिपकाच मोजतो. स्पॉट दयाळाच्या काळ्या पाठीवर पडला की पोट उडतं, पोटावर पडला की पाठीचा तपशील बुडतो. त्यात कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये स्पॉट फ्रेमच्या मध्यावरच मोजतो, फोकसचा बिंदू कुठेही असो. आणि ऑटो आयएसओ नवशिक्यांसाठी असतो, हे म्हणणंही सोडून द्यायला हवं.

पानांखालची हिरवट झाक रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) व्हाइट बॅलन्सने बरीच निघते. नॉइजही (दाणेदारपणा) कमी करता येतो. जळालेलं पांढरं मात्र परत येत नाही, म्हणून हायलाइटची लुकलुक (स्क्रीनवर जळालेला भाग चमकवून दाखवणारी सूचना) कायम चालू ठेवा.

राहता राहिलं पानांतून गळणारं कवडशांचं ऊन. अर्धा पक्षी उन्हात, अर्धा सावलीत. इथे दोन्ही पद्धती सारख्याच अपुऱ्या. काढायचाच असेल तर उन्हातला भाग सांभाळा आणि सावली रॉमधून उचला. मी स्वतः बटण दाबत नाही. शिंजीर फुलांवर पुन्हापुन्हा येतो. जे फूल पूर्ण सावलीत आहे, त्यावर मॅन्युअल लावून थांबतो.