मॅकडॉवेल काउंटी : कंपनीने वसवलेल्या गावांची पार्श्वभूमी

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला, अपालाचियन डोंगरांच्या चिंचोळ्या दऱ्यांत मॅकडॉवेल काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) वसलेली आहे. १९५० मध्ये तिची लोकसंख्या ९८,८८७ होती. २०२० च्या जनगणनेत ती १९,१११ भरली. खाणींतील रोजगार गेला म्हणून माणसे गेली, हे कारण खरे असले तरी तेथील आजच्या राहणीमानाचा उलगडा त्याने पूर्ण होत नाही.

१८८० च्या दशकात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे या प्रदेशात पोहोचली आणि पाठोपाठ कोळशाच्या खाणी आल्या. निर्जन दऱ्यांत मजूर आणायचे म्हणजे गावच उभारावे लागे. म्हणून घरे, दुकान, दवाखाना आणि पाण्याचे नळ हे सारे कंपनीनेच उभे केले. डॉक्टरचे पैसे मजुरीतून कापले जात, आणि मजुरीचा काही भाग कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या टोकनांच्या रूपाने हाती पडे. जमीन बहुतांशी बाहेरच्या मालकांची असल्याने गाव चालवण्यासाठी स्वतंत्र स्थानिक व्यवस्था फारशी उभी राहिलीच नाही, आणि माझ्या मते सर्वांत खोल नुकसान येथेच झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोळसा कापणारी यंत्रे आली आणि मजुरांची गरज झपाट्याने घटली. कोळसा निघतच होता, पण तो काढणाऱ्यांच्या घरी चूल पेटत नव्हती. अध्यक्ष केनेडी यांनी सुरू केलेल्या प्रायोगिक योजनेतील देशातील पहिली अन्नकुपने (गरिबांना धान्य घेण्यासाठीची सरकारी कुपने) २९ मे १९६१ रोजी याच काउंटीतील १५ माणसांच्या एका कुटुंबाने घेतली. पुढे १९८० च्या दशकात येथील कोळसा वापरणारा पोलाद उद्योग मंदावला, काउंटीतील गॅरी या गावच्या मोठ्या खाणी बंद झाल्या आणि २००१ व २००२ च्या पुरांनी नदीकाठची उरलीसुरली घरेही मोडली. २०१० च्या सुमारास येथील पुरुषांचे सरासरी आयुर्मान सुमारे ६४ वर्षे, म्हणजे देशात सर्वांत कमी आयुर्मान असलेल्या काउंट्यांत गणले जाणारे होते.

कंपन्या गेल्या तेव्हा त्यांनी टाकलेल्या नळांचा वारस कोणीच नव्हता. ते जुने नळ गंजले आणि फुटले. बदलायचे तर खर्च मोजक्या घरांवर पडणार, म्हणून काम रखडत राहिले. अनेक घरांचे सांडपाणी आजही थेट ओढ्यात जाते, आणि कित्येक कुटुंबे रस्त्याकडेच्या झऱ्यावर कॅन भरून पिण्याचे पाणी घरी नेतात.