रिमोट स्कोपिंग वर्कशॉप

रिमोट स्कोपिंग वर्कशॉप म्हणजे डिझाइनचं काम द्यायला आलेला नवा क्लायंट आणि ते घेणारी टीम यांनी प्रत्यक्ष न भेटता, व्हिडिओ कॉल आणि ऑनलाइन बोर्डावर बसून कामाची हद्द आखून घ्यायची बैठक. प्रॉब्लेम नक्की कोणाचा सोडवायचाय, पहिल्या टप्प्यात काय येणार आणि काय येणार नाही, अडलं तर शेवटचा शब्द कोणाचा, आणि काम "झालं" असं कधी म्हणायचं, एवढं त्यातून बाहेर पडायला हवं. साधारण दीड ते तीन तासांचं एक सेशन असतं, नाहीतर तेच दोन-तीन दिवसांत तुकडे पाडून करतात. वेबसाइट, ॲप, सर्व्हिस डिझाइन, ब्रँडिंग सगळीकडे चालतं, फक्त ब्रँडिंगला जरा जड जातं, त्याचं पुढे येईलच.

नावात वर्कशॉप असल्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की भन्नाट आयडिया काढायचा कार्यक्रम आहे, तसं नाहीये. इथे मुख्य काम वजाबाकीचं. क्लायंटच्या डोक्यात असलेल्या ४० गोष्टींपैकी कुठल्या ३० आत्ता करायच्या नाहीत हे सगळ्यांच्या देखत, मोठ्याने बोलून, लिहून घ्यायचं, आणि ते त्याच बैठकीत करायचं कारण नंतर ईमेलवर कोणी कशाला नाही म्हणत नाही, फक्त उत्तर द्यायचं थांबतं. सेल्स कॉलपेक्षा हे वेगळं कारण तिथे आपण हो म्हणायला बसलेलो असतो, आणि किक-ऑफपेक्षा (काम सुरू करायच्या पहिल्या बैठकीपेक्षा) वेगळं कारण किक-ऑफला हद्द आधीच ठरलेली असते (असायला हवी).

कुठून आलं

ज्यांना वापरायचंय आणि ज्यांना बनवायचंय त्यांना एका खोलीत बसवून गरजा ठरवायच्या, ही पद्धत सॉफ्टवेअरमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी आयबीएममध्ये चक मॉरिस आणि टोनी क्रॉफर्ड यांनी घडवली, तिला जॉइंट ॲप्लिकेशन डिझाइन म्हणतात. चिठ्ठ्या लिहून सारख्या चिठ्ठ्या एकत्र लावायची सवय जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्या केजे पद्धतीतून आली, आणि १९८० मध्ये थ्रीएमच्या चिकटणाऱ्या पोस्ट-इट चिठ्ठ्या अमेरिकेत सगळीकडे मिळायला लागल्यावर ती भिंतीवर करणं फारच सोपं झालं. २०१० पासून गूगलमध्ये जेक नॅप यांनी बसवलेल्या डिझाइन स्प्रिंटमुळे टायमर लावून, गप्प बसून लिहायचा आणि ठिपके देऊन मत टाकायचा प्रकार डिझाइनवाल्यांच्या अंगवळणी पडला.

ऑनलाइन भिंतीही नव्या नाहीत, म्युरल २०११ सालचं आहे आणि मिरोसुद्धा २०११ सालचंच, फक्त तेव्हा त्याचं नाव रिअलटाइमबोर्ड होतं आणि ते २०१९ मध्ये बदललं. २०२० च्या महासाथीत प्रवास बंद झाला तेव्हा सगळ्यांनाच या भिंतींवर जावं लागलं, २०२१ मध्ये डिझाइन टूल बनवणाऱ्या फिग्मानेही फिगजॅम नावाची आपली भिंत आणली, आणि प्रवास सुरू झाल्यावरही स्कोपिंग मात्र मोठ्या प्रमाणात ऑनलाइनच राहिलं कारण अजून न मिळालेल्या कामासाठी विमानाचं तिकीट कोण काढणार.

बोलण्याआधी लिहायचं, ते का

प्रत्यक्ष खोलीतलं वर्कशॉप जसंच्या तसं उचलून कॉलवर ठेवलं की ते हमखास आपटतं, आणि त्याचं कारण बरंचसं वेळेच्या हिशोबात आहे. वेगवेगळ्या कुळांतल्या १० भाषांचा एक अभ्यास २००९ मध्ये आला होता, त्यात दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास असतं, म्हणजे डोळ्याची पापणी लवते ना तेवढंच. आता आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला १५० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागावा असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते, आणि लांबच्या खंडातला क्लायंट, घरचं वायफाय, वायरलेस हेडफोन एवढं सगळं मध्ये आलं की तो आकडा सहज ओलांडला जातो. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही बोला", आणि तिसऱ्यांदा असं झालं की शांत स्वभावाचा माणूस कॅमेरा बंद करून इनबॉक्स उघडतो.

शिवाय गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो म्हणून बाकीच्यांच्या कल्पना अडून बसतात, हे डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं आणि ते तर समोरासमोर बसलेल्या लोकांचं होतं. म्हणून रिमोटमध्ये साधा नियम आहे, आधी ४-५ मिनिटं सगळे म्यूट आणि ज्याने त्याने आपापल्या चिठ्ठ्या लिहायच्या, मग वाचायच्या, मग बोलायचं. हे पाळलं नाही तर जो सगळ्यात जोरात बोलतो त्याचा स्कोप, म्हणजे त्याचीच कामाची हद्द, होतो.

या शांततेत बोर्डावर नावांचे कर्सर फिरत असतात, ते बघत बसणं हे चालवणाऱ्याचं खरं काम. एखादा कर्सर सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवरून फिरतोय पण स्वतःची चिठ्ठी काही टाकत नाहीये, तो बहुतेक वेळा साहेबांचा असतो, त्यांना आधी बाकीचे काय म्हणतात ते बघायचंय. आणि एखादा कर्सर कोपऱ्यात गोठलेला असतो, त्या माणसाला बोर्डच वापरता येत नाहीये पण सांगायची लाज वाटतेय. अशाला सगळ्यांसमोर विचारायचं नाही, चॅटमध्ये खासगी मेसेज टाकायचा की "मला सांगा, मी लिहिते तुमच्या वतीने".

तयारी

खरं वर्कशॉप आधीच्या आठवड्यात होतं असं म्हटलं तरी चालेल. येणाऱ्या प्रत्येकाशी वेगवेगळं २०-३० मिनिटं बोलून घ्यायचं, कारण एकट्याने बोलताना लोक जे सांगतात ते साहेबांसमोर सांगत नाहीत, आणि मग बोर्ड रिकामा न ठेवता त्यांचेच शब्द त्यावर आधी मांडून ठेवायचे. रिकामा बोर्ड नव्या क्लायंटला परीक्षेच्या कोऱ्या पेपरासारखा दिसतो.

माणसं ५ ते ८ बरी. त्यात सही करणारा हवाच, रोज ग्राहकांच्या शिव्या खाणारा सपोर्टवाला हवा, आणि क्लायंटकडचा टेक्निकल माणूस हवा नाहीतर तिसऱ्या आठवड्यात कळतं की ज्या सिस्टिममधून डेटा यायचा ती बाहेर काही देतच नाही. टीमकडून दोघं तरी लागतात, एक चालवणारा आणि एक फक्त टिपून घेणारा, दोन्ही एकाच माणसाने करायचं ठरवलं की दोन्ही अर्धवट होतात.

बोर्डाची लिंक दोन दिवस आधी क्लायंटच्या ऑफिसच्या लॅपटॉपवरूनच उघडून बघायला सांगायची, मोबाइलवरून उघडली म्हणजे झालं असं नाही, कारण मोठ्या कंपन्यांच्या फायरवॉलमध्ये बाहेरची टूल्स अडकतात आणि मग पहिली २० मिनिटं "मला दिसत नाहीये" यात जातात. वेळेचंही तसंच, अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपात त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मधल्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीचा फरक एका तासाने चुकतो, तेव्हा इन्व्हाइट कॅलेंडरमधूनच पाठवायचं, "तुमचे ४ वाजता" असं लिहून नाही.

चालतं कसं

सुरुवातीला ओळखपाळख आवरती घ्यायची, नमनाला घडाभर तेल जाळलं तर शेवटी वजाबाकीला वेळ उरत नाही. ठरलेला असा एकच क्रम नाही पण बहुतेक जण ध्येयापासून सुरू करतात, मग वापरणारे कोण, मग त्यांचा प्रवास, मग फीचर्स, मग छाटणी. ध्येयाच्या ठिकाणी "वेबसाइट मॉडर्न हवी" अशी चिठ्ठी येतेच, तिला "मॉडर्न झाली हे तुम्हाला कशावरून कळेल" असं विचारत विचारत खाली उतरायचं. तळाला गेल्यावर दिसतं की सेल्सवाल्यांना जास्त चौकशा हव्यात आणि सपोर्टवाल्यांना कमी फोन हवेत, आणि ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच कंपनीतली माणसं ही गोष्ट पहिल्यांदा तुमच्या कॉलवर एकमेकांकडून ऐकत असतात.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो शब्दांचा अर्थ फोडायला. बोर्डावर एक पिवळी चिठ्ठी असते, "युजर लॉगिन करेल". चार शब्दही नाहीत पण जरा खरवडलं की खाली काय काय निघतं: नवीन खातं उघडायचा स्क्रीन, पासवर्ड विसरल्याचा, त्यासाठी जाणाऱ्या ईमेलचा मजकूर, चुकीचा पासवर्ड टाकला तर दिसणारा मेसेज, पाच वेळा चुकला तर काय, कोड आलाच नाही तर काय, आणि मग क्लायंटकडून कोणीतरी सहज म्हणतं की "आमच्या डीलर्सना मात्र वेगळं दिसायला हवं हां". त्या "हां" मध्ये एक अख्खी रोल-परमिशनची, म्हणजे कोणाला काय दिसणार आणि काय करता येणार याची, भानगड लपलेली असते. हे वर्कशॉपमध्ये निघालं तर ती एक चिठ्ठी आहे, नंतर निघालं तर भांडण आहे. "डॅशबोर्ड", "रिपोर्ट", "साधं ॲडमिन पॅनेल" हे असेच बोलायला हलके आणि करायला जड शब्द, दिसले की थांबायचं आणि प्रत्येकाला एका मिनिटात कागदावर वाकडंतिकडं चित्र काढून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगायचं. चार जणांची चार चित्रं वेगळी निघाली की कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

छाटणीसाठी मॉस्को नावाची पद्धत बरीच वापरात आहे, तिचा त्या शहराशी संबंध नाही, पाहिजेच, असायला हवं, असलं तर बरं आणि या वेळी नाही अशा चार रकान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलंय, डाय क्लेग यांनी १९९४ च्या सुमारास मांडली. तिची अडचण अशी की नवा क्लायंट सगळंच पाहिजेच मध्ये टाकतो. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या रकान्यात जागाच कमी ठेवायची, समजा ८ चौकोन, नववी चिठ्ठी लावायची असेल तर आधीची एक काढा. चौथा रकाना मात्र मोठा आणि ठळक हवा. ठिपके देऊन मतदान घेताना साहेबांनी सगळ्यात शेवटी टाकायचं, किंवा टूलमध्ये मतं लपवायची सोय असते ती वापरायची, नाहीतर त्यांचा ठिपका जिथे पडतो तिथे पाठोपाठ मुंग्या लागतात.

शेवटच्या २० मिनिटांत गॅरी क्लाइन यांच्या नावाने ओळखलं जाणारं प्री-मॉर्टेम करून घेतलं तर चांगलं, म्हणजे असं धरायचं की सहा महिने झाले आणि प्रोजेक्ट पार बुडालं, आता का बुडालं ते प्रत्येकाने लिहा. इथे लोक आश्चर्यकारक मोकळेपणाने लिहितात, "मजकूर आमच्याकडून वेळेत आला नाही" हे क्लायंटच्याच चिठ्ठीवर येतं आणि ते नंतर करारात घालायला फार उपयोगी पडतं.

पैशाचं बोलणं

बजेट विचारलं की क्लायंट आकडा सांगत नाही, सांगितला तर तुम्ही तेवढाच लावाल ही भीती असते, आणि टीमही आपला दर सांगत नाही. दोन्हीकडून ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. याला त्यातल्या त्यात चालणारा मार्ग म्हणजे टीमने किमतीचे तीन पट्टे (अमुक ते तमुक असे) बोर्डावर ठेवायचे, छोटा, मधला, मोठा, प्रत्येकात साधारण काय बसतं ते लिहायचं आणि विचारायचं की यातला कुठला बघून छातीत धस्स होतं. नेमका एक आकडा त्याच कॉलवर देणं धोक्याचं. बॅरी बोएम यांनी १९८१ मध्ये सॉफ्टवेअरबद्दल मांडलं होतं की अगदी सुरुवातीचा अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पाव इतका चुकू शकतो, आणि डिझाइन त्याहून शहाणं असायचं काही कारण दिसत नाही. म्हणून पट्टा सांगायचा.

वर्कशॉपचे वेगळे पैसे घ्यावेत का यावर दोन मतं आहेत. फुकट केलं तर जास्त क्लायंट येतात पण सही करणारा माणूस येत नाही, ज्युनिअरला पाठवतात. पैसे घेतले तर तो स्वतः येतो, आणि त्या बदल्यात निघालेलं डॉक्युमेंट क्लायंटच्या मालकीचं राहतं, ते घेऊन तो दुसऱ्या टीमकडे गेला तरी हरकत घेता येत नाही. पैसे घेणं जास्त बरं असं इथे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

नंतर

बोर्डाची लिंक पाठवून मोकळं होणं ही सर्रास होणारी चूक. तो बोर्ड हजर असलेल्यांनाच कळतो, बाकीच्यांना तो रंगीत कचरा. एका दिवसाच्या आत दोन पानांचा साधा मजकूर जायला हवा: काय करणार, काय करणार नाही, काय गृहीत धरलंय, कोण ठरवणार, कुठले प्रश्न अजून उघडे आहेत. त्यावर क्लायंटचं लेखी "बरोबर आहे" आलं की तेच पुढे कामाच्या कराराला जोडतात, आणि नंतर कोणी "हे तर आपलं बोलणं झालं होतं" म्हणालं की गृहीतकांचं पान उघडायचं, त्यात नसेल तर चेंज रिक्वेस्ट, म्हणजे वाढीव कामाची वेगळी लेखी मागणी. कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर सुरुवातीलाच सगळ्यांची परवानगी घ्यायची.

कुठे चालत नाही

दिवसभराचं वर्कशॉप कॉलवर करू नये, सतत चेहऱ्यांकडे जवळून बघणं, स्वतःचा चेहरा दिसत राहणं, एका जागी अडकणं आणि हावभाव समजून घ्यायला लागणारे जास्तीचे कष्ट अशी थकव्याची चार कारणं स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये मांडली होती आणि तिसऱ्या तासाला ती चारही दिसतात. ब्रँडिंगमध्ये आवडनिवड आणि कंपनीतली जुनी दुखणी हाच खरा विषय असतो, ती माणसं कॅमेऱ्यासमोर काढत नाहीत, तिथे जमलं तर भेटलेलं बरं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला या भिंती बऱ्याचदा जाचक होतात, तेव्हा भिंतीचा हट्ट सोडून सगळ्यांनी मिळून एकाच शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये लिहिलं तरी काम होतं. आणि काम छोटं असेल, एकच माणूस ठरवणारा असेल, तर वर्कशॉप कशाला, ४५ मिनिटांचा फोन आणि त्यानंतर तीच दोन पानं.